बाई, त्या दिवशी डफडं वाजलं नाही

बाई, तुम्हाला नेलं त्या दिवशी बाबांनी डफडं वाजवलं नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर दुसऱ्या कोणाकडून कळलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, शांते, तू का नाही सांगितलंस? मी सकाळीच ते खुंटीवरून काढलं होतं. फडक्यानं पुसून अंगणात उन्हात ठेवलं, म्हणजे निघायच्या वेळेपर्यंत चामडं तापून ताणलं जाईल. बाबा बाहेर आले, डफड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्याला वळसा घालून तुमच्या घराकडे निघून गेले. हात रिकामे, गळा रिकामा.

बायकांना मसणात नेत नाहीत, म्हणून पुढचं मी पाहिलं नाही. तुमच्या ओसरीवर बायकांत बसून नुसते कान देऊन होते. भजनाचे टाळ ऐकू आले, ते हळूहळू लांब गेले. डफडं काही ऐकू आलं नाही. घरी येऊन मी बाबांशी बोलणं टाकलं. आई गेल्यापासून आम्ही दोघंच घरात, त्यात हे. नऊ दिवस चूल पेटत होती, ताटं वाढली जात होती, पण शब्द नव्हता. आमच्या दोघांच्या भांडणाचं कोर्ट आजवर तुम्ही होतात. आता कोर्टच उठलं, तर फिर्याद कोणाकडे करायची? म्हणून हे लिहायला बसले आहे.

तुम्हाला आठवतं का, हे सगळं कोळीनाचापासून सुरू झालं? नवं राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. जळगाव जामोदला शाळांचा मेळावा होता आणि आपल्या सोनाळ्याच्या शाळेनं तिथे कोळीनाच केला. पुठ्ठ्याची वल्ही, निळ्या कागदाच्या लाटा. समुद्र पाहिलेला माणूस गावात एकही नव्हता. तुम्हीसुद्धा पाहिला नव्हतात, तरी "वल्हव, वल्हव, जोर लाव" म्हणून बाजूनं ओरडत होतात. बक्षीस काही मिळालं नाही. परतीच्या एस.टी.त तुम्ही ती वल्ही मांडीवर घेऊन बसलात. एरवी तुमचं बोलणं पुस्तकी. बुलढाण्याला ट्रेनिंग केलं तेव्हापासून 'मला-तुला'शिवाय बोलत नव्हतात. राग आला की मात्र अस्सल वऱ्हाडी बाहेर यायची. त्या दिवशी तुम्ही एकदम कंडक्टरलाच विचारलंत, "काऊन हो, आपल्या पोट्ट्याइले आपलं काहीच काऊन येत नाही?" तो बिचारा म्हणाला, "मले काय माहीत बाई, मी तिकिटं फाडून राह्यलो."

त्या उन्हाळ्यात तुम्ही शिबिर काढायचं ठरवलंत. वैशाखात शाळेला सुट्टी, घरचे लोक लग्नांत गुंतलेले, पोरं दिवसभर उन्हात उनाडणार. त्यापेक्षा सकाळी सातला शाळेत यायचं, पाचला घरी जायचं, आणि मधल्या वेळात आपल्या मुलखाचं नाच-गाणं शिकायचं. मुलांना दंडार, म्हणजे टिपऱ्या घेऊन फेर धरून करायचा आपला नाच, मध्येच सोंगंही. मुलींना भुलाबाईची, म्हणजे भादव्यात घरोघर मांडतात त्या पार्वतीची गाणी, जात्यावरच्या ओव्या. सातपुड्याच्या पायथ्याची चार कोरकू मुलं येणार होती, ती त्यांचा नाच आपल्याला शिकवणार. सगळं जमत आलं आणि डफड्यापाशी अडलं. दंडार पेटीवर होत नाही. तुम्ही करून पाहिलंत, शाळेच्या पेटीचा भाता फाटेपर्यंत पाहिलंत.

सोनाळ्यात डफडं म्हणजे माझे बाबा. आणि बाबांनी ते पाच वर्षांपूर्वी, धम्म घेऊन नागपूरहून परतले त्याच दिवशी, खुंटीला टांगलं होतं. त्याआधी लग्न असो, मयत असो, पोळा असो, डफडं गळ्यात अडकवून पुढे चालणं हे आमच्या घराचं कामच होतं. तुम्ही येता का, असं कोणी विचारत नसे. बोलावणं आलं की जायचं, दाराबाहेर उभं राहून वाजवायचं आणि पदरात पडेल ती भाकर घेऊन यायचं.

पहिल्यांदा आलात तेव्हा अंगणातूनच हाक मारलीत, "किसन, आहेस का रे घरात?" बाबा तुमच्याहून मोठे. पण तुम्ही पाटलांच्या घरातल्या विधवा सूनबाई, तुमच्या तोंडात तेच बसलेलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "नाही बाई, मी आता कोणाचं वाजवत नाही," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्यांदा आलात तेव्हा 'किसनजी' म्हणालात. मी दारामागून ऐकत होते. तुम्ही म्हणालात, तुमच्या हातात कला आहे, ती अशी खुंटीवर मरू द्यायची का? बाबा हसले. "कला तुमी म्हणता बाई. मले त्याचं वजन माहीत हाये. वराती मांगं सारे चालत, पुढं मी. अन् पंगत बसली का साऱ्याइच्या मांगं मी, तेही बाहीर." तुम्ही उठून गेलात.

तिसऱ्यांदा भर दुपारी आलात, छत्री मिटून आमच्या अंगणात जमिनीवर बसलात आणि पाणी मागितलंत. मी तांब्या दिला. तुम्ही सगळं पाणी प्यालात. फार मोठं काही केलंत असं नाही, उन्हातून चालत आला होतात, तहान लागली होती. पण मी दहा वर्षांची होते आणि पाटलांच्या घरातून आलेल्या बाईच्या हातून तांब्या रिकामा परत आला, याचं मला फार वाटलं. बाबांनीही ते पाहिलं असणार. ते म्हणाले, "वाजवीन. पण शायेत. शायेच्या बाहीर नाही. उभ्यानं नाही, खुर्ची पाह्यजे. पोट्टे मले गुरुजी म्हणतीन. अन् माही पोरगी पह्यल्या रांगेत राहीन."

"इतकंच ना?" तुम्ही म्हणालात.

"इतकंच म्हणता? पाहा बरं करून."

तुम्ही करून दाखवलंत. हातांची खुर्ची शाळेत एकच, ती हेडमास्तरांची. तुम्ही ती उचलून आणलीत आणि हेडमास्तर स्टुलावर बसून आठ दिवस फुगले. रोज सकाळी डफडं पटांगणात उन्हाला ठेवायचं काम माझं. वैशाखाचं ऊन, त्यामुळे शेकोटीची गरज नव्हती. बाबा बोटानं टिचकी मारून पाहत आणि म्हणत, "पिकलं." मग त्यांनी पहिला ठोका दिला की पटांगणातल्या पन्नास पोरांचे पाय आपोआप उचलायचे. मी पहिल्या रांगेत. बाबांकडे इतके लोक मान वर करून पाहताहेत, असं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. बाई, त्या महिन्यात मी किती सुखात होते हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही. रात्री झोपेतसुद्धा पाय हलवायची म्हणून आई रागवायची.

आणि ती भाकरीची टोपली! दुपारी सगळ्यांच्या फडक्यातल्या भाकरी तुम्ही एका टोपलीत ओतायचात, हातानं वरखाली करायचात आणि मग वाटायचात. कोणाची कोणाच्या ताटात गेली ते कळायचं नाही. पहिल्या दिवशी यावरून सात पोरं घरी बसवली गेली. चौथ्या दिवशी पाच परत आली, कारण घरी एकट्यानं करमेना. आमच्या घरची भाकर कळण्याची असायची, ज्वारी-उडदाची, जाडसर. पाटलांची नातही ती उचलायला टपलेली असे. तुम्ही टोपलीवर छत्री धरून उभ्या राहायचात आणि ओरडायचात, "निवडायचं नाही! येईल ते खायचं!"

भुलाबाईची गाणी शिकवायला म्हातारी जनाबाई यायची. ती पहिल्याच दिवशी अडून बसली. "अवो, भुलाबाईले वैशाखात कायले बोलावून राह्यल्या? भादवा कुठी, वैशाख कुठी!" तुम्ही तिला समजावलंत, "आजी, तिला ये म्हणत नाही आपण. ही नुसती तालीम." म्हातारीनं विचार केला, आकाशाकडे पाहून "तालीम हाये बरं माय" असं सांगितलं आणि मग गायला लागली. भुलाबाई म्हटली की खिरापत आलीच. पाच वाजता तुम्ही झाकण लावलेला डबा हलवायचात आणि आत काय आहे ते पोरांनी ओळखायचं. एक दिवस बाबा खुर्चीवरून, तिकडे न पाहताच म्हणाले, "फुटाणे. अन् अर्ध्याइले गूळ लागेल हाये." झाकण काढलं तर तेच. दुसऱ्या दिवशी शेंगदाणे ओळखले, तिसऱ्या दिवशी मुरमुरे. चौथ्या दिवसापासून तुम्ही त्यांना खेळातून बाद केलंत, कान धरून नव्हे, हात जोडून.

मग शेवटचा दिवस आला. तो मी विसरायचा प्रयत्न केला आहे, पण विसरले नाही. सगळ्यांचे आई-बाप पटांगणात जमलेले. तालुक्याचे एक साहेब जीपनं आले. तुम्हाला इतका आनंद झाला होता की पदर सावरत फाटकापासून धावत आलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "किसनगुरुजी, चला चला, साहेब आलेत! फाटकापाशी उभे राहून वाजवा, आत घेऊन या त्यांना!"

तुमच्या मनात काही वाईट नव्हतं. पाव्हणा आला की डफडेवाल्यानं वेशीवर उभं राहायचं, हे तुम्ही लहानपणापासून पाहिलेलं, ते तसंच तोंडातून निघालं. पण मी बाबांचा चेहरा पाहिला. ते उठले, डफडं खुर्चीवर ठेवलं आणि जीपच्या बाजूनं, साहेबांच्या समोरून, घरी चालत गेले. दंडार त्या दिवशी टाळ्यांवर झाली. मी नाचले, कारण पाय सुरू झालेले होते. मग शाळेच्या मागे जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. मी दारात आडवी उभी राहून म्हटलं, "बाबा नाहीत." ते घरात आहेत हे तुम्हाला दिसत होतं. तुम्ही अंगणात बसलात. किती वेळ, ते आता सांगता येणार नाही, पण सावली एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेली होती. शेवटी बाबा बाहेर आले. तुम्ही माफी मागितली नाहीत. पुढे पंधरा वर्षांची झाल्यावर मी हे तुमच्या तोंडावर म्हटलं होतं, मागायला पाहिजे होती म्हणून. तेव्हा तुम्ही म्हणालात, "मागितली असती तर किसनजींना माफ करावं लागलं असतं. त्यांच्यामागे आणखी एक काम कशाला?" मला ते तेव्हा पटलं नाही. आता अर्धं पटतं.

त्या दिवशी तुम्ही बाबांना एवढंच म्हणालात, "मला शिकवा. पुढच्या उन्हाळ्यापासून फाटकावर कोणी आलं तर मी वाजवीन."

बाबांना वाटलं थट्टा आहे. पण तुम्ही खरंच शिकलात, म्हणजे शिकायला बसलात. पाटलांची विधवा सून चामड्याचं डफडं गळ्यात घालते, याचा गावभर बोभाटा झाला. सासरच्यांनी वर्षभर तुमच्याशी बोलणं टाकलं. तुम्ही पोरांबरोबर सतरंजीवर बसायचात, बाबा खुर्चीवर. आणि बाई, आज तुम्ही नाहीत म्हणून खोटं कशाला बोलू, तुमच्या हाताला ताल नव्हताच. गळा इतका गोड, पण हातात टिपरी आली की काय व्हायचं कोण जाणे. बाबा कळवळून म्हणायचे, "बाई, हात तुमचा भाकरी थापाले बरा हाये. हे राहू द्या." तुम्ही राहू दिलं नाहीत. पुढच्या वर्षी दुसरे साहेब आले, तेव्हा पांढऱ्या लुगड्यातल्या तुम्ही फाटकात उभ्या राहून जे काही वाजवलंत, ते ऐकून साहेबांनी ड्रायव्हरला जीपचं काही तुटलं का ते पाहायला सांगितलं. खुर्चीवर बसलेले बाबा डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसले. नंतर दर उन्हाळ्यात, जो कोणी आला त्याच्यासाठी, तुम्हीच वाजवलंत. एक वर्षही चुकवलं नाहीत.

मी त्या शिबिरात शिकले, मग तिथेच शिकवायला लागले, मग ट्रेनिंग करून त्याच शाळेत मास्तरीण झाले. फॉर्म तुम्ही भरलात, माझ्याबरोबर बुलढाण्यापर्यंत तुम्ही आलात. मी तुमच्याशी भांडत राहिले, तुम्ही चहा पाजत राहिलात. आभार मानायचे राहून गेले. भांडणातच एवढा वेळ जायचा.

शेवटचं भांडण तर अर्धंच राहिलं. या हिवाळ्यात तुम्ही अंथरूण धरलं. मी आणि बाबा भेटायला आलो होतो. तुम्ही बाबांना विचारलंत, "किसनजी, माझ्या वेळी तरी वाजवाल ना?"

"नाही," बाबा म्हणाले. जरासुद्धा थांबले नाहीत.

तुम्ही हसलात, खोकला लागेपर्यंत हसलात. मला मात्र भयंकर राग आला. दुसऱ्या दिवशी मी एकटी आले आणि म्हटलं, तुम्ही त्यांना नीट सांगा, तुमचं ते ऐकतील. जिनं त्यांच्यासाठी एवढं ऐकून घेतलं तिच्यासाठी एक दिवस नियम मोडला तर काय बिघडतं? तुम्ही म्हणालात, "शांते, ते नाही म्हणाले की मला बरं वाटतं." मी विचारलं, म्हणजे काय? तुम्ही म्हणालात, सांगते. तेवढ्यात तुमचा पुतण्या मधू औषध घेऊन आला, मग तुम्हाला झोप लागली. त्यानंतर तुम्ही मला काही सांगितलं नाहीत.

तुम्ही गेलात त्या सकाळी पाटलांकडचा माणूस आमच्या दारात आला होता. "किसनजी, बाईसाठी तरी," असं त्यानं हात जोडून म्हटलं. बाबांनी नकारार्थी मान हलवली. तो गेल्यावर मी म्हटलं, "त्याइच्यासाठी नका वाजवू. माह्यासाठी वाजवा." तरी त्यांनी मान हलवली. मग मी ते डफडं उन्हात ठेवलं. पुढचं वर सांगितलंच आहे.

काल तुमचा दहावा झाला. संध्याकाळी मधू घरी आला. त्यानं बाबांना विचारलं, "गुरुजी, खांदा कसा आहे?"

मी म्हटलं, कसला खांदा? बाबांना तुम्हाला नेलं त्या दिवसापासून सदरा घालताना हात वर नेता येत नाही हे मी पाहिलं होतं, पण अबोल्यात विचारलं नव्हतं. मधूनं सांगितलं. तिरडी शाळेच्या वळणावर आली तेव्हा तो थांबला आणि बाबांना म्हणाला, गुरुजी, या. दोन जण मागे कुजबुजले. तुमच्या चुलत दिरानं मात्र आपली जागा सोडली. बाबांनी तिथे खांदा दिला. मग वाटेत कितीदा तरी बाकीचे बदलले, बाबा बदलले नाहीत. नदीपर्यंत त्यांनी तुम्हाला नेलं. पाटलांच्या घरातलं माणूस आमच्यातल्या कोणी खांद्यावर नेल्याचं गावात कोणाला आठवत नाही.

मधू गेल्यावर मी बाबांशी दहाव्या दिवशी बोलले. विचारलं, "मले काऊन नाही सांगतलं?"

"तू इचारलं कुठी?" ते म्हणाले. मग आपल्या हातांकडे पाहत बोलले. "वाजवणारा पुढं चालते, शांते. मयत त्याच्या मांगं ऱ्हाते. त्याले वळून पाह्यता येत नाही, खांदा देता येत नाही, हात गुतले ऱ्हातात म्हणून डोये पुसता येत नाही. साऱ्या जलमात मी लोकाइच्या किती मयतीत गेलो, पण कामाले गेलो. बाईच्या मयतीले मले माणूस म्हणून जायचं होतं."

मी तेल गरम करून आणलं. त्यांच्या उजव्या खांद्यावर काळंनिळं पडलं आहे, अजून सूज उतरलेली नाही. मी हात लावायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "राहू दे. अजून दोन दिवस दुखू दे."